हात पेशंटने हलवायचा, आम्ही मोजायचं

पक्षाघातानंतर किंवा डोक्याला मार लागल्यानंतर पेशंटला आमच्याकडे व्यायामोपचारासाठी घेऊन येणारे नातेवाईक पहिल्याच दिवशी विचारतात, "मालिश किती वेळ करणार?" मालिश जवळपास नाहीच, हे ऐकून चेहरे पडतात. तासातला बराचसा वेळ पेशंटच धडपडणार आणि आम्ही शेजारी बसून मोजणार. मग पैसे कशाचे घेता, असं मनात येणारच. म्हणून हे माहितीपत्रक.

आपण पेशंटचा हात धरून वर-खाली केला की सांधा हलतो. हातात अजिबात जोर नसेल तेव्हा तेही करावं लागतं. पण हात हलवायचा हुकूम त्या वेळी पेशंटच्या मेंदूतून सुटलेला नसतो. मेंदूचा मेलेला भाग पुन्हा उगवत नाही. शाबूत राहिलेले भाग नव्या जोडण्या करून त्याचं थोडंफार काम उचलतात, आणि तेही काम पडलं तरच. अर्धवट, थरथरता का होईना, प्रयत्न पेशंटचाच हवा.

आता मोजणीचं. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, उपचाराच्या एका बैठकीत दुबळ्या हाताने केलेल्या कामाच्या हालचाली सरासरी फक्त ३२ भरल्या. प्राण्यांवरच्या प्रयोगांत मेंदूत बदल दिसला तो रोजच्या शेकडो हालचालींनंतर.

पण नुसता आकडा वाढवूनही भागत नाही. ग्लास टेबलावर वीतभर लांब ठेवला की पेशंट कोपर सरळ करण्याऐवजी कमरेतून झुकतो, खांदा कानाला लागतो. ग्लास हाती येतो, घरचे टाळ्या वाजवतात. आम्ही ती खेप मोजत नाही. पाठ खुर्चीला टेकवायची, ग्लास चार बोटं अलीकडे घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. पेशंट आमच्यावर चिडतात, चालायचंच.

चांगल्या हातात हातमोजा घालून दुबळ्याला कामाला लावायची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांच्या संशोधनातून आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पक्षाघाताला ३ ते ९ महिने झालेले २२२ पेशंट होते. हातमोजा दोन आठवडे, जागेपणीचा ९० टक्के वेळ, आणि जोडीला कसून सराव; नेहमीच्या उपचारांपेक्षा फायदा जास्त झाला. मात्र मनगट आणि बोटं थोडी तरी आपणहून उघडायला हवीत, शिवाय हातमोज्यामुळे तोल गेला तर धरायला हात उरत नाही. घरच्या घरी आपल्या मनाने सुरू करू नका.

फार घाईही नको. पहिल्या २४ तासांतच पेशंटला वारंवार उठवून जास्त व्यायाम दिल्याने तीन महिन्यांनंतरचा निकाल उलट कमी चांगला आला, असं २०१५ साली २,१०४ पेशंटच्या चाचणीत दिसलं. कधी सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील.

घरच्यांना एकच विनवणी: लगेच मदतीला धावू नका. शर्टाच्या एका बटणाला तीन मिनिटं लागतील, लागू द्या. उठवताना दुबळा हात मात्र कधीही ओढू नका, खांदा निखळतो. तोंड अचानक वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा नव्याने अशक्तपणा आला, तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

पहिल्या भेटीला डिस्चार्ज कार्ड आणि औषधांची यादी आणा. कपडे सैल, बूट मागून बंद असलेले. आणि पुन्हा करता यावं असं कोणतं एक काम पेशंटला वाटतं, ते त्यालाच विचारून या. वाचा गेली असेल तर खुणेने.