त्या वळणावरच गाडी का बंद पडते?

घाटातून नेहमी गाडी नेणाऱ्या कुणालाही विचारा, एखादं वळण हमखास ‘जड’ निघतं. तिथं गाडी बंद पडतेच म्हणे, काहीतरी आहे तिथं. मग लिंबू उतरवा, नारळ फोडा. कन्नडच्या घाटात जा नाहीतर मांजरसुंब्याच्या, ड्रायव्हर वळणावर काय करतो तेवढं बघा. समोरून ट्रक आला की हा ब्रेक दाबतो, गाडी तिसऱ्या गियरमध्येच राहते, क्लचवर पाय जातो तो उशिरा. दोन गचके, आणि इंजिन गप्प. बिचाऱ्या वळणाचा यात काय दोष?

क्लच सोडलेला असतो, म्हणजे त्याच्या पेडलवर पाय नसतो, तेव्हा चाकं आणि इंजिन एकमेकांना बांधलेली असतात. चाक मंदावलं की इंजिनला मंदावावंच लागतं. छोटी पेट्रोल गाडी नुसती उभी असते तेव्हा इंजिनचा आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे फेरे, साधारण 800 असतो. याच आरपीएमला पाचव्या गियरमध्ये गाडीचा वेग ताशी 28 किलोमीटरच्या आसपास येतो, तिसऱ्यात 15-16, पहिल्यात जेमतेम 6. ब्रेक तर फारच दांडगा. कोरड्या रस्त्यावर तो दर सेकंदाला सेकंदी 6 मीटर वेग सहज कमी करतो, म्हणजे ताशी 30 ची गाडी दीड सेकंदाच्या आत उभी. तेवढ्या वेळात क्लच दाबला नाही, तर इंजिन चाकांबरोबर शून्याकडं ओढलं जातं.

पण इंजिन 300 आरपीएमवर हळूहळू का चालत राहत नाही? विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन हँडल मारून चालू करताना पाहिलं असेल तर याचं उत्तर तुम्ही पाहिलेलं आहे. हँडल मारणारा आधी वरची कळ उचलून धरतो. त्यामुळं व्हॉल्व्ह उघडा राहतो आणि हवा दाबली जात नाही. मोठं चाक जोरात फिरायला लागलं की कळ सोडायची. आता चाकात साठलेल्या जोरावर पिस्टन हवा दाबत वर जातो, इंधन पेटतं आणि पहिला ठोका पडतो. चाकाला वेग नसताना कळ सोडली तर पिस्टन अर्ध्यात अडतो आणि हँडल उलटं फिरून हात मोडायची भीती.

कारमध्ये ते चाक गियरबॉक्सच्या तोंडाशी लपलेलं असतं, फ्लायव्हील. त्यातली ऊर्जा ½Iω², म्हणजे वेगाच्या वर्गावर अवलंबून. ω म्हणजे फिरण्याचा वेग, आणि I म्हणजे चाकाचं फिरण्यातलं जडत्व. I साधारण 0.12 किलोग्रॅम-मीटर वर्ग धरा. 800 आरपीएमला ω होतो सेकंदाला 84 रेडियन, आणि ऊर्जा सुमारे 420 ज्यूल. 400 आरपीएमला निम्मी नाही, पाव, म्हणजे 105. उलट, हवेनं पूर्ण भरलेला 300 घनसेंटीमीटरचा सिलिंडर दाबायला लागतात अंदाजे 100 ज्यूल, आणि आरपीएम उतरला म्हणून त्यात काही सूट मिळत नाही. शिल्लक संपली. म्हणून उशिरा क्लच दाबून उपयोग होत नाही. चाकांपासून सुटका झाली तरी फ्लायव्हीलकडं पुढचा दाब पार करायला काही उरलेलं नसतं. गचक्यांचं कारणही हेच. चार सिलिंडरच्या इंजिनात अर्ध्या फेऱ्याला एक ठोका पडतो, आणि मंद फ्लायव्हीलला दोन ठोक्यांमधली दरी भरून काढता येत नाही.

ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गियरबॉक्सच्या मध्ये बहुधा तेल असतं, ते घसरतं आणि इंजिन वाचतं. इलेक्ट्रिक गाडीत हा प्रश्नच नाही, मोटर शून्य वेगालाही जोर लावते. क्लच वेळेवर दाबूनही गाडी बंद पडत असेल, तर थ्रॉटल बॉडीत, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेत, साचलेली काजळी साफ करून घ्या. बोनेटला लटकवलेल्या लिंबू-मिरचीनं ती निघत नाही.

आता उतार. डिझेल वाचतं म्हणून घाटात न्यूट्रल करून गाडी सोडणारे आपल्याकडं ढिगानं आहेत. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलला टाकली की इंजिन चालू ठेवायला इंधन द्यावंच लागतं. वर इंजिनचा रोध गेला आणि सगळा भार ब्रेकवर आला. त्यात इंजिन बंद पडलं तर स्टिअरिंग जड होतं, आणि पायाचा जोर वाढवणाऱ्या ब्रेक बूस्टरमधली निर्वात पोकळी दोन-तीनदा पेडल दाबेपर्यंतच पुरते. अशा वेळी ब्रेक मारत-सोडत बसायचं नाही, एकदाच दाबून धरायचा.