फ्लॅश कॅसेट का अडते: जुन्या गेम कन्सोलमधल्या बिघाडांची पार्श्वभूमी

जुन्या कन्सोलमध्ये फ्लॅश कॅसेट (मेमरी कार्डावरच्या फाइलमधून गेम चालवणारी कॅसेट) घातली आणि गेम लागला नाही, की बहुतेक जण आधी एसडी कार्ड बदलतात, मग फर्मवेअर (कॅसेटचा आतला प्रोग्राम) नव्याने टाकतात आणि शेवटी कॅसेट बनवणाऱ्याला दोष देतात. बिघाडाचं मूळ मात्र अनेकदा कार्डाच्या कितीतरी अलीकडे, कन्सोलमध्येच असतं. फ्लॅश कॅसेट हातात घेतली तर ती एकच वस्तू दिसते, पण तिच्यात चाळीस वर्षांचे थर आहेत. १९८० च्या दशकातला पिनांचा सांधा, त्याच काळातली कुलूप-चिप, गेम कंपन्यांनी आपापल्या गरजेपोटी बनवलेल्या खास चिप आणि अगदी शेवटी आलेलं मेमरी कार्ड. प्रत्येक थर बिघडल्यावर पडद्यावर वेगळी खूण दिसते. तो थर कधी आणि कशासाठी आला हे ठाऊक असेल, तर पडदा पाहूनच निम्मा शोध संपतो. इथे मुख्यतः निन्टेन्डोच्या ८-बिट कन्सोलचं उदाहरण घेतलं आहे, कारण हे सगळे थर तिथे स्पष्ट दिसतात. शिवाय १९९० च्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडून जे ‘व्हिडिओ गेम’ खेळले गेले, ते बहुतांशी याच कन्सोलच्या नकला होत्या.

जपानमध्ये हा कन्सोल फॅमिकॉम या नावाने १५ जुलै १९८३ रोजी आला. त्याची कॅसेट ६० पिनांची होती आणि वरून सरळ खाली बसायची. हीच यंत्रणा १९८५ मध्ये अमेरिकेत एनईएस नावाने आली तेव्हा तिचं रूप पार बदललं. दोनच वर्षांपूर्वी तिथला व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला होता आणि दुकानदार गेमचं नाव काढलं तरी बिचकत होते. म्हणून नवा कन्सोल व्हीसीआरसारखा दिसेल असा बनवला: समोरचं झाकण उघडायचं, ७२ पिनांची कॅसेट आत सरकवायची आणि खाली दाबायची. या दाबण्यासाठी स्प्रिंगसारखे वाकणारे संपर्क लागले. वर्षानुवर्षं वाकून ते सैल पडले आणि कॅसेटच्या पिनांवर मळाचा थर चढला. मग मुलं कॅसेटमध्ये फुंकर मारू लागली. फुंकर मारल्यावर गेम लागायचा तो मुख्यतः कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे. श्वासातली ओल पिनांना गंज चढवते. आजही फ्लॅश कॅसेट अडली की पहिलं काम कापूस आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलचं आहे, आणि कन्सोलचं सॉकेटही तितक्याच काळजीने पुसायला हवं. नवी कोरी फ्लॅश कॅसेट जुन्या मळक्या सॉकेटमध्ये गेली तर दोष कॅसेटचाच वाटतो.

या सांध्याबद्दल आणखी एक गोष्ट कामाची आहे. या कन्सोलमध्ये मुख्य प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप कॅसेटशी वेगवेगळ्या तारांनी बोलतात. त्यामुळे संगीत नीट वाजतंय, बटणांना प्रतिसाद मिळतोय, पण पडद्यावर अक्षरांचे आणि चित्रांचे तुकडे उधळलेत, असं दिसलं तर प्रोसेसरच्या पिना ठीक आहेत आणि चित्राच्या बाजूची एखादी पिन टेकत नाहीये. अशा वेळी फाइल बदलून बघण्यात संध्याकाळ घालवू नये.

आता दिव्याकडे येऊ. एनईएसचा लाल दिवा सेकंदाला एकदा लुकलुकतो आणि पडदा उघडझाप करतो, हे दृश्य जुन्या खेळाडूंना तोंडपाठ आहे. हे काम कुलूप-चिपचं. कन्सोलसाठी कोण गेम बनवू शकेल हे निन्टेन्डोला स्वतःच्या हातात ठेवायचं होतं. म्हणून अमेरिकी कन्सोलमध्ये एक चार-बिटची छोटी चिप बसवली आणि तिची जोडीदार प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये. एक कुलूप, दुसरी किल्ली. कन्सोल चालू झाला की दोघी एकाच तालावर एकच प्रोग्राम चालवतात आणि ठरलेल्या बिटांची मालिका एकमेकींना पाठवत राहतात. एक बिट जरी चुकला, तरी कुलूप-चिप मुख्य प्रोसेसरला रीसेट करते, आणि करतच राहते. म्हणजे सैल सांध्यामुळे या चार तारांपैकी एक जरी टेकली नाही, तरी अस्सल कॅसेटसुद्धा चोरीची ठरते. फुंकर मारणाऱ्या पिढीचा निम्मा त्रास या कुलपाने दिलेला होता. १९९३ मध्ये वरून कॅसेट घालायचा स्वस्त एनईएस आला, त्यात हे कुलूपच नव्हतं आणि तो त्रासही उरला नाही.

कुलूप फोडण्याचे प्रयत्न लगेच सुरू झाले. काही विनापरवाना कॅसेट कुलूप-चिपला विजेचा झटका देऊन गप्प करायच्या. निन्टेन्डोने एनईएसच्या पुढच्या आवृत्त्यांमध्ये त्यावर बंदोबस्त केला, तेव्हा त्याच कॅसेट नव्या यंत्रावर चालेनाशा झाल्या. अटारी गेम्सने तर खोटं कारण दाखवून अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयातून कुलपाच्या प्रोग्रामची प्रत मिळवली आणि १९९२ च्या अपील निकालात ते त्यांना भोवलं. आजच्या फ्लॅश कॅसेटमध्ये किल्लीचं काम आठ पिनांचा एक साधा मायक्रोकंट्रोलर करतो. म्हणून निदान सोपं आहे. दिवा लुकलुकत असेल तर सांधा किंवा किल्ली बघा, कार्डाला हात लावू नका. फॅमिकॉममध्ये आणि आपल्याकडच्या नकलांमध्ये कुलूपच नाही, त्यामुळे तिथे हाच सैल सांधा नुसता एकरंगी किंवा चित्रविचित्र पडदा दाखवतो.

पुढचा थर गेम कंपन्यांच्या महत्त्वाकांक्षेतून आला आणि मला तो सगळ्यांत विलक्षण वाटतो. या कन्सोलचा प्रोसेसर कॅसेटमधला जेमतेम ३२ किलोबाइट प्रोग्राम एका वेळी पाहू शकतो आणि चित्रांसाठी ८ किलोबाइट. गेम मोठे होऊ लागले तेव्हा कॅसेटमध्येच एक चिप बसवून ती मेमरीची पानं उलटून प्रोसेसरसमोर धरू लागली. अशा चिपला मॅपर म्हणतात. निन्टेन्डोने एमएमसी१, एमएमसी३, एमएमसी५ काढल्या आणि जपानमधल्या कोनामीसारख्या कंपन्यांनी स्वतःच्या बनवल्या. कन्सोल तोच राहिला आणि कॅसेट बदलत गेली. म्हणूनच फ्लॅश कॅसेटला नुसती मेमरी पुरत नाही. तिला दर वेळी वेगळ्या चिपचं सोंग घ्यावं लागतं. हे काम एफपीजीए ही हवी तशी जुळवता येणारी चिप करते. २००० च्या दशकात रेट्रोझोनची पॉवरपॅक आणि पुढे युक्रेनच्या क्रिक्झची एव्हरड्राइव्ह या फ्लॅश कॅसेट याच तत्त्वावर उभ्या राहिल्या.

सोंग कोणतं घ्यायचं हे कॅसेटला कळतं फाइलच्या पहिल्या १६ बाइटांतून. ही रचना १९९० च्या दशकात मरात फैझुलिन यांच्या आयएनईएस या एम्युलेटरसोबत (संगणकावर जुन्या कन्सोलचे गेम चालवणाऱ्या प्रोग्रामसोबत) आली. तेव्हा सातव्या बाइटपासून (मोजणी शून्यापासून) पुढची जागा रिकामी धरली जायची. एका फाइल-दुरुस्ती प्रोग्रामने त्या जागेत आपली सही ठोकली: ‘डिस्कड्यूड!’. इंग्रजीत ही अक्षरं उद्गारचिन्हासकट बरोबर नऊ होतात आणि सात ते पंधरा या नऊ जागांत ती चपखल बसली. पुढे सातव्या बाइटचा अर्धा भाग मॅपरच्या क्रमांकासाठी वापरायचं ठरलं. सहीतल्या पहिल्या अक्षरामुळे तिथे ४ हा आकडा वाचला जातो आणि मॅपरच्या क्रमांकात ६४ मिळवले जातात. एमएमसी१ चा क्रमांक १, तो ६५ होतो. फाइलमधला गेम शाबूत असतो, कॅसेट उत्तम असते, तरी पडदा कोरा राहतो. मेन्यू नीट दिसतोय, इतर गेम चालतात आणि एकच जुनी फाइल अडते, तेव्हा हा सोळा बाइटांचा मथळा आधी तपासावा. अनेक एम्युलेटर ही सही ओळखून दुर्लक्षित करतात, त्यामुळे ‘संगणकावर तर चालतो’ हा पुरावा इथे उपयोगाचा नाही.

एमएमसी३ ची खोड वेगळी. ही चिप चित्राच्या ओळी मोजते, म्हणून सुपर मारिओ ब्रदर्स ३ मध्ये वरचं दृश्य सरकतं आणि खालची गुणांची पट्टी स्थिर राहते. ही मोजणी ती चित्र-चिपच्या एका पत्त्याच्या तारेवर नजर ठेवून करते. पट्टी थरथरत असेल तर मोजणीची वेळ चुकते आहे. नकली कन्सोलवर हे जास्त दिसतं, कारण तिथल्या चिप मूळच्या रिको कंपनीच्या नसतात. तैवानच्या यूएमसीने अशा चिप बनवल्या. ५० हर्ट्झच्या ‘पाल’ पद्धतीच्या टीव्हीसाठीच्या तिच्या प्रोसेसरमध्ये आवाजाच्या दोन छटांची अदलाबदल झालेली आहे, त्यामुळे ओळखीचं संगीतही जरा वेगळं वाजतं. आपल्याकडच्या त्या जुन्या कन्सोलमध्ये ६० पिनांची फ्लॅश कॅसेट बसते खरी, पण असा आवाज ऐकून कॅसेट परत पाठवू नये. जपानी गेमचं जादा संगीत अमेरिकी एनईएसवर ऐकूच येत नाही, तेही असंच. कॅसेटमधून आवाज आत घेणाऱ्या फॅमिकॉमच्या तारा ७२ पिनांच्या रचनेत गाळल्या गेल्या. तिथे कन्सोलच्या पोटातल्या एक्स्पान्शन पोर्टवर (जादा जोडणीच्या जागेवर) एक रेझिस्टर जोडावा लागतो.

पुन्हा लिहिता येणारी कॅसेट ही कल्पना काही चोरबाजारात जन्मली नाही. निन्टेन्डोने १९८६ मध्ये फॅमिकॉमसाठी डिस्क काढली आणि जपानी दुकानांत ५०० येन घेऊन त्या डिस्कवर नवा गेम भरून देणारी यंत्रं ठेवली. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश मेमरी जगासमोर मांडली, आणि १९९७ मध्ये निन्टेन्डोनेच लॉसन या दुकानसाखळीत सुपर फॅमिकॉम या पुढच्या कन्सोलसाठी ३२ मेगाबिटची फ्लॅश कॅसेट आणली. ही सेवा २००७ पर्यंत चालली. मधल्या काळात तैवान-हाँगकाँगचे फ्लॉपी आणि सीडीवाले कॉपिअर (गेमची नक्कल उतरवणारी यंत्रं) येऊन गेले, त्यांच्यावर खटलेही झाले.

सेव्ह, म्हणजे खेळातली साठवलेली प्रगती, गायब होण्याची तक्रार मात्र सविस्तर बघायला हवी, कारण तिच्यामागे १९८७ सालची एक सूचना आहे. त्या वर्षी झेल्डा हा गेम अमेरिकेत बॅटरी असलेल्या सोनेरी कॅसेटमधून आला आणि त्यात खेळाडूला बजावलं होतं: रीसेट दाबून धरा आणि मगच पॉवर बंद करा. कारण असं, की वीज जाता जाता प्रोसेसर भरकटतो आणि सेव्हच्या मेमरीत काहीबाही लिहून बसतो. रीसेट दाबलेलं असलं की तो गप्प राहतो. फ्लॅश कॅसेटमध्ये हीच सवय वेगळ्या कारणाने परत आली. गेम सेव्ह लिहितो तो कॅसेटमधल्या रॅममध्ये, कार्डावर नाही. पॉवरपॅकमध्ये आणि निन्टेन्डो ६४ या नंतरच्या कन्सोलच्या जुन्या एव्हरड्राइव्हमध्ये रीसेट दाबल्यावरच तो कार्डावर उतरतो. एनईएसच्या एव्हरड्राइव्ह एन८ मध्ये बॅटरी तो सांभाळते आणि पुढच्या वेळी मेन्यू उघडताना कार्डावर नेते. म्हणून त्याच दिवशीचं सेव्ह टिकतं आणि पॉवर बंद केल्यावर जातं, असं होत असेल तर बॅटरी मोजा. ती संपलेली असण्याचीच शक्यता जास्त.

आता विजेचा दाब. १९८० च्या दशकातले कन्सोल ५ व्होल्टवर चालतात, आजच्या फ्लॅश चिप आणि एफपीजीए ३.३ किंवा त्याहून कमी व्होल्टवर. चांगल्या कॅसेटमध्ये दोन्हींच्या मध्ये दाब बदलणाऱ्या चिप असतात. स्वस्त नकलांमध्ये त्या गाळतात आणि कन्सोलचे ५ व्होल्ट थेट नाजूक पिनेवर पडतात. आज गेम लागतो, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण कॅसेट तापते, तापल्यावर अडते, आणि चाळीस वर्षं टिकलेल्या कन्सोलवरही नको तो भार येतो. जुनं यंत्र पुन्हा बनणार नाही, म्हणून इथे पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे. निन्टेन्डो ६४ ची कॅसेट मुळातच ३.३ व्होल्टची, त्यामुळे तिथे हा प्रश्न येत नाही.

अडाप्टरचंही तसंच. अमेरिकी एनईएसच्या अडाप्टरमधून ९ व्होल्टचा एसी येतो आणि त्याचा डीसी कन्सोलच्या आत होतो. फॅमिकॉमला मात्र बाहेरूनच डीसी हवा असतो. एनईएसचा अडाप्टर फॅमिकॉमला लावला तर कन्सोलच जायचा. नातेवाइकांनी परदेशातून आणलेला कन्सोल असेल तर जपानचे १०० आणि अमेरिकेचे १२० व्होल्ट आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटपासून आधी दूर ठेवा.

कार्डाचा थर सर्वांत नवा. एसडी कार्ड १९९९ मध्ये ठरलं. ४ ते ३२ गिगाबाइटची कार्डं फाइल मांडण्याच्या फॅट३२ पद्धतीची असतात, त्यावरची एक्सफॅट घेऊन येतात आणि बऱ्याच फ्लॅश कॅसेटना ती वाचताच येत नाही. अशा वेळी मेन्यू उघडत नाही किंवा यादी रिकामी दिसते. मॅकवरून फाइल भरल्या असतील तर प्रत्येक गेमची, टिंब आणि अधोरेषेने सुरू होणारी, जुळी फाइल यादीत दिसते. ती निवडली की चूक येते, तेव्हा त्या पुसून टाकाव्यात. आणि नाव दिसतं पण गेम अर्ध्यावर लटकतो, त्यातही नंतर भरलेले गेमच लटकतात, अशी तऱ्हा असेल तर कार्डाची क्षमता खोटी असू शकते: लेबलवर ६४, आत प्रत्यक्षात ८. एच२टेस्टडब्ल्यूसारखा प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतो आणि परत वाचून ताडून बघतो. त्याला वेळ लागतो, पण खात्री होते. कार्डावर काही भरण्याआधीच ही चाचणी घ्यावी.