शेपटीचा सर्व्हो मध्यावर परत येत नाही? येणारच नाही

रिमोटवर उडणारी छोटी हेलिकॉप्टरं उडवणाऱ्यांचा दोन महिन्यांत तिसऱ्यांदा तोच फोन. "दादा, नवा जायरो खराब निघाला. स्टिक सोडली तरी शेपटीचा सर्व्हो मध्यावर येतच नाही." (जायरो म्हणजे शेपटीचं वळणं ओळखून ती आवरणारा छोटा डबा, सर्व्हो म्हणजे त्याच्या हुकमाने शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारी छोटी मोटर, आणि स्टिक म्हणजे रिमोटची दांडी.) तिन्ही जायरो ठणठणीत होते. त्यातला एक तर बिचारा दुकानात परतही जाऊन आला.

रेट मोडचा साधा जायरो तुम्ही वापरलेला आहे, त्यामुळे त्यावर फार लिहीत नाही. शेपटीला झटका बसला की तो आवरतो, झटका संपला की गप्प बसतो. स्टिक जिथे, सर्व्हो साधारण तिथे. बाजूचा वारा लागला की शेपटी हळूहळू वाऱ्याबरोबर जाते आणि नाक वाऱ्याकडे वळतं. झालं.

भानगड सुरू होते ती ४५० आकाराच्या हेलिकॉप्टरवर हेडिंग होल्डचा, म्हणजे नाकाची दिशा धरून ठेवणारा, जायरो चढवल्यावर. फुटाबा कंपनीवाले त्याला एव्हीसीएस म्हणतात, कुणी हेडिंग लॉक म्हणतं. वस्तू तीच. वजन, किंमत, दिव्याचा रंग हे फरक सोडून द्या. सर्व्होला जाणाऱ्या सिग्नलची पल्स १५२० मायक्रोसेकंदाची की ७६० ची, एवढं माहितीपत्रकात बघून घ्या. चुकलं तर सर्व्हो टोकाला जाऊन घरघरत बसतो.

खरा फरक एकच आहे: स्टिकचा अर्थ बदलतो. रेट मोडमध्ये स्टिक सांगते, "शेपटीच्या पात्यांना एवढा कोन दे." हेडिंग होल्डमध्ये तीच स्टिक सांगते, "एवढ्या वेगाने वळ." कोन किती द्यायचा, हे मग जायरो ठरवतो.

टेबलावर करून बघा. आधी मोटरच्या तिन्ही वायरी काढा. फिरत्या पात्यांजवळ प्रयोग करणाऱ्यांशी मी बोलत नाही. आता स्टिक जराशी उजवीकडे धरा. सर्व्हो सरकत सरकत टोकाला जाईल. का? तुम्ही "वळ" म्हणालात, पण हेलिकॉप्टर टेबलावर बसलेलं, ते वळेना. म्हणून जायरो आणखी जोर लावतो, आणखी लावतो. आता स्टिक सोडा. हुकूम झाला, "वळू नकोस." ते वळत नाहीच आहे! मग जायरोने सर्व्हो परत का आणावा? तो समाधानाने आहे तिथेच थांबतो. याला बिघाड समजून लोक पैसे परत मागतात.

हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं आपोआप उलगडतं. रेट मोडमध्ये शेपटी वाहायला लागली की ट्रिमचे (रिमोटवरच्या बारीक दुरुस्तीच्या कळीचे) दोन क्लिक देऊन भागतं. हेडिंग होल्डमध्ये ट्रिमचा एक क्लिक म्हणजे "सावकाश वळतच राहा" असा कायमचा हुकूम. म्हणून आधी रेट मोडमध्ये हॉव्हर करा (हवेत एका जागी तरंगवा), लिंकेजची, म्हणजे सर्व्होपासून शेपटीपर्यंतच्या काडीची, लांबी बदलून शेपटी जागेवर आणा, ट्रिम शून्यावर ठेवा, आणि मगच हेडिंग होल्ड लावा. हा क्रम टाळणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे.

रिव्होल्यूशन मिक्सिंगचंही तेच. पिच (मुख्य पात्यांचा कोन) वाढली की ट्रान्समीटर, म्हणजे हातातला रिमोट, आधीच थोडी शेपटी देतो, ही रेट मोडची सोय. हेडिंग होल्डला तो वळण्याचा हुकूम वाटतो. नाशिकजवळ गिरणाऱ्याच्या पुढे, टोमॅटो निघून मोकळ्या झालेल्या वावरात मी हे शिकलो. (गांधीनगर आणि ओझरची बाजू विसरा, तिथे खरी हेलिकॉप्टरं-विमानं असतात.) ट्रान्समीटरमध्ये जुन्या मॉडेलची मेमरी (साठवलेली सेटिंग्ज) तशीच उचलली होती, मिक्सिंगसकट. पिच दिली, नाक फिरायला लागलं. घाबरून आणखी पिच दिली, आणखी जोरात फिरलं. बांधावरचे बाबा म्हणाले, "भवरा आणलाय का रं?" मुख्य पाती, शेपटीचा दांडा, सगळं गेलं. जायरो मात्र शाबूत, आणि निर्दोष.

ड्रोनवरून इकडे येणाऱ्या पोरांचा गोंधळ वेगळाच. तिकडच्या रेट मोडमध्ये, म्हणजे अ‍ॅक्रोमध्ये, स्टिक वळण्याचा वेगच सांगते आणि सोडली की यंत्र तसंच राहतं. म्हणजे वागणुकीने ते आमचं हेडिंग होल्ड! नाव बघून ही पोरं नेमका उलटा मोड निवडतात. दुसरी समजूत अशी की हेडिंग होल्ड म्हणजे होकायंत्र. त्याला उत्तर-दक्षिण काही कळत नाही. आपण किती वळलो, याचा फक्त हिशेब ठेवतो तो.

मोड कुठला चालू आहे, हे बहुतेक जायरोंमध्ये गेनच्या (जायरो किती जोराने आवरतो त्याच्या) वायरीवरून ठरतं. मध्याच्या एका बाजूला हेडिंग होल्ड, दुसऱ्या बाजूला रेट. मध्यापासून जितकं लांब तितका गेन जास्त. शेपटी भराभर थरथरली तर गेन कमी करा, सुस्तपणे झुलली तर वाढवा.

डिसेंबरात सकाळी साडेसहाला निफाडकडे जात असाल तर अजून एक. गाडीच्या उबेतून काढल्या काढल्या बॅटरी लावू नका. जायरो चालू होताना आपला शून्य ठरवतो, आणि तापमान बदललं की, विशेषतः जुन्या पिझो जायरोंचा, तो शून्य सरकतो. मॉडेल पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवा, मग बॅटरी लावा, आणि दिवा स्थिर होईपर्यंत त्याला बोटही लावू नका. लायपोचं, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरीचं, उलटं: ती मात्र उबेत, खिशातच राहू द्या.