फाइल जड झाली म्हणून पॉइंट उडवू नका, आधी आम्हाला विचारा

आम्ही लेझरनं जागेचा सर्व्हे करतो. त्याचा डेटा, म्हणजे लेझर जिथं जिथं आपटला तिथली जागा नि उंची सांगणारे पॉइंट, दिला की दुसऱ्या दिवशी फोन ठरलेला, "साहेब फाइल उघडेना, लॅपटॉप हँग होतोय." होणारच, १ किलोमीटर लांब नि १०० मीटर रुंद पट्टा, चौरस मीटरला १०० पॉइंट धरले तरी १ कोटी होतात. मग ऑफिसातला पोरगा दर शंभरावा पॉइंट ठेवतो नि बाकी सगळे उडवतो. फाइल पळायला लागते, सरफेस, म्हणजे पॉइंट ट्रँगलनं जोडून केलेलं जमिनीचं मॉडेल, तोही बनतो, आणि घोळ तिथंच होतो.

कसा ते बघा. शंभरातला एक ठेवला की दोन पॉइंटमधे साधारण मीटरभर अंतर पडतं आणि साइडचं गटर असतं ६० सेंटीमीटरचं, त्यात एखादा पॉइंट सापडला तर सापडला, नाहीतर ट्रँगल या काठावरून थेट त्या काठावर, गटर बुजलंच. सपाट माळावर एवढे पॉइंट लागतच नाहीत, बांधाच्या कडेला मात्र एकही सोडून चालत नाही, पण चाळण दोन्हीकडं एकच लावलेली.

गगनबावड्याकडच्या एका कामात डोंगराकडची उभी कड अशीच सरफेसमधे उतार होऊन बसली, क्रॉस सेक्शन (आडवे छेद) जागेवर जुळेनात आणि बोट आमच्या सर्व्हेकडं. मूळ फाइल लावून दाखवली तर कड जागच्या जागी होती. चार दिवस गेले, त्यांचे पण आमचे पण. १२ मीटर रुंदीत सरासरी १० सेंटीमीटर लेव्हल चुकली तरी किलोमीटरला १२०० घनमीटर मातीचा फरक पडतो हो.

आम्ही आधी झाडं, तारा, गाड्या बाजूला काढून नुसती जमीन वेगळी करतो, मग रस्त्याची कड, गटर, बांध, मोरीचं तोंड यावर ब्रेकलाइन, म्हणजे ट्रँगलनं ओलांडायची नाही अशी रेघ, ओढतो आणि मगच पॉइंट कमी करतो, तेही जो काढल्यावर लेव्हल ५ सेंटीमीटरपेक्षा जास्त हलत नाही तेवढाच. "एवढे दिवस कशाला?" म्हणून विचारता ना, ते दिवस यातच जातात.

आणि उभ्या उसात लेझर जमिनीपर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळं जमलं तर तोडणीनंतरच सर्व्हे लावा, नाहीच जमलं तर तेवढ्या पट्ट्यात आमची माणसं टोटल स्टेशन (तिपाईवरचं अंतर-कोन मोजायचं यंत्र) घेऊन आत शिरतात.

ऑर्डर देतानाच सॉफ्टवेअर कुठलं, लॅपटॉपला रॅम किती ते सांगा, हलकी फाइल त्याच पैशात मिळते, मूळ फाइलही सोबत देतो, ती पुसू नका. सर्व्हे दुसऱ्याकडून झाला असला तरी मूळ लॅस फाइल (सगळ्या पॉइंटची .las फाइल) घेऊन या, हलकी करून देऊ, फक्त आधीच चाळलेली आणू नका, त्यातनं गेलेलं गटर आम्हालाही परत आणता येत नाही.