पाळीव कासवाची टाकी

पाळीव कासवाची टाकी म्हणजे पाण्यात राहणाऱ्या कासवाची घरातली राहायची सोय. नुसती काचेची पेटी आणली की झालं असं नसतं, पोहायला खोल पाणी, अंग वाळवायला कोरडी जागा, ऊन नाहीतर उन्हाचं काम करणारा लाइट आणि पाणी गाळणारा फिल्टर, एवढं सगळं जमलं की टाकी म्हणायची. आपल्याकडं पाळायला मिळतं ते बहुतेक रेड इअर्ड स्लायडर, डोळ्यामागं लाल पट्टा असलेलं, मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. इथली कासवं, मग ते नदीतलं मऊ पाठीचं असो नाहीतर चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात, टाकी कितीही भारी असू दे, ती पाळता येत नाहीत. पंचगंगेच्या पुरात एखादं अंगणात आलं तर वनखात्याला कळवायचं, बादलीत घालून गल्लीभर दाखवत हिंडायचं नाही.

टाकी निवडताना सगळ्यात मोठी चूक होते ती आकारात. पिल्लू आणतो तेव्हा ते जुन्या रुपयाएवढं, फार तर सव्वा इंचाचं असतं, दुकानात सांगतात की "हे एवढंच राहतंय" आणि आपण दोन फुटी टाकी नाहीतर कसला तरी वाडगा घेऊन घरी येतो. मीही असाच आलो होतो. नर सात-आठ इंचांपर्यंत जातो, मादी दहा-अकरा इंचांपर्यंत, आणि नीट सांभाळलं तर वीस-तीस वर्षं जगतं, म्हणजे बालवाडीतल्या पोरासाठी आणलेलं कासव त्याच्या लग्नालाही हजर असू शकतं. आणि पिल्लू असताना नर की मादी हे बघून कळत नाही, मोठं झाल्यावर नराची पुढची नखं लांब होतात आणि शेपूट जाड होतं तेव्हा कुठं कळतं, त्यामुळं मादीच आहे असं धरून जागा ठेवलेली बरी.

हिशोब सोपा आहे. पाठीच्या कवचाच्या एका इंचाला साधारण ४० लिटर पाणी. एक घनफूट म्हणजे २८ लिटर, म्हणून २×१×१ फुटाची टाकी काठोकाठ भरली तरी ५६ लिटर, ती पिल्लाला वर्षभर पुरली तर नशीब. नराला ४×२×२ फूट आणि मादीला ५×२×२ फूट धरायची, आणि ती पाऊणच भरायची, कारण वर काठ मोकळा नसेल तर कासव आतल्या कोरड्या जागेवर चढून सरळ बाहेर पडतं (चढत नाही असं वाटतं, चढतं). पाण्याची खोली कवचाच्या लांबीच्या निदान दीडपट पाहिजे, उताणं पडलं तर त्याला पाण्यातच पलटी मारता आली पाहिजे. लहान टाकीतलं कासव ओळखायला पुस्तक नको, रात्री सगळं शांत झालं की काचेवर नखांचा खर्र खर्र आवाज येतो, थांबतो, परत येतो, आमच्याकडं तो हॉलमधून स्वयंपाकघरात ऐकू यायचा आणि आई म्हणायची उंदीर आलाय.

एवढ्या पाण्याचं वजनही बघायला लागतं, एक लिटर म्हणजे एक किलो, पाऊण भरलेली ४×२×२ ची टाकी नुसत्या पाण्यानंच ३४० किलो होते, वर काच आणि दगड वेगळे. ती शोकेसवर किंवा जुन्या टीव्हीच्या टेबलावर ठेवायचा विचारच करू नका. आपल्याकडं कोल्हापुरात उद्यमनगर आहे, लोखंडी कामाची वर्कशॉप असलेलं, तिथं माप दिलं की अँगलचा स्टँड वेल्डिंग करून मिळतो, वर प्लायवूड आणि त्यावर थर्माकोल टाकून मग टाकी ठेवायची, म्हणजे खालून उंचवटा लागून काच तडकत नाही. पैसे कमी असतील तर प्लास्टिकची मोठी टाकी वरून कापून वापरली तरी कासवाला काही फरक पडत नाही, फरक आपल्याला पडतो कारण बाजूनं दिसत नाही.

कोरडी जागा हा दुसरा भाग आणि लोक इथंच काटकसर करतात. कासवाला पाण्यातून पूर्ण बाहेर यावं लागतं, कवच खडखडीत वाळलं नाही तर ते सडायला लागतं. विटांवर शहाबादीचा तुकडा ठेवला आणि एक बाजू पाण्यात उतरती केली तरी चालतं, फक्त हलता कामा नये. वरून साधा पिवळा ६० चा बल्ब, जागा ३० ते ३५ अंश तापली पाहिजे, पाणी मात्र २४ ते २८ अंशांत. ऊब बरोबर लागली की कासव मान लांब ताणतं, मागचे दोन्ही पाय हवेत सरळ करतं, बोटं पसरतं आणि तसंच पडून राहतं. हे दिसलं की समजायचं टाकी जमली.

पण बल्बची ऊब वेगळी आणि यूव्हीबी, म्हणजे उन्हातले डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण, वेगळे. यूव्हीबी किरणांशिवाय अंगात डी जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. खिडकीतून येणारं ऊन उपयोगाचं नाही, काच हे किरण अडवते. उन्हाळ्यात गच्चीवर टबात ठेवता येतं पण अर्धा टब सावलीत पाहिजे, एप्रिलच्या दुपारी पारा ३७-३८ ला असतो आणि उथळ पाणी तासाभरात उकळल्यासारखं होतं. खरी अडचण पावसाळ्याची. जून ते सप्टेंबर कोल्हापुरात आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही, त्यामुळं यूव्हीबी ट्यूब ही इथं चैन नाही, ती लागतेच, आणि उजेड चांगला दिसत असला तरी आतले किरण कमी होत जातात म्हणून सहा महिने ते वर्षभरात बदलायची. थंडीत रात्री पारा १५ च्या आसपास उतरतो तेव्हा पाण्यात हीटर, आणि हीटरला जाळी, नाहीतर कासव धडक देऊन हीटरची काच फोडतं. वायर प्लगकडं जाताना आधी खाली लोंबलेली पाहिजे म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही.

फिल्टर माशांच्या टाकीचा घेतला तर आठवड्यात तुंबून बसतो, कासवाची घाण माशापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळं टाकीच्या दुप्पट-तिप्पट क्षमतेचा कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा डब्यासारखा फिल्टर, बघायचा. तरी दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढायचं, नळाचं पाणी एक दिवस बादलीत उघडं ठेवून मग घालायचं. काढलेलं पाणी जास्वंदीला घाला, ती खूश. तळाला बारीक खडे नकोत, कासव गिळतं, डोक्यापेक्षा मोठे गोटे ठेवा नाहीतर तळ मोकळाच ठेवा. टाकीचं सामान स्वयंपाकघराच्या बेसिनमध्ये धुवायचं नाही, कासवाच्या अंगावर साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जंतू असतो, याच कारणानं अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळायला विकायला बंदी आहे.

मादी असेल तर आणखी एक गोष्ट, नर नसतानाही ती अंडी घालते आणि त्यासाठी तिला ओलसर माती-वाळूचा क्रेट लागतो, नाही मिळाला तर अंडी पोटात अडकून जिवावर बेतू शकतं.

टाकी पुरेना म्हणून कासव रंकाळा तलावात सोडायचा सल्ला कुणी ना कुणी देतंच, पुण्य म्हणून सुद्धा देतात. स्लायडरचं नाव जगातल्या १०० सर्वात उपद्रवी परक्या जातींच्या यादीत आहे, ते इथल्या कासवांचं अन्न आणि उन्हाची जागा बळकावतं. त्यापेक्षा मोठी टाकी असलेला माणूस शोधून त्याला द्यायचं. माझं शेवटी मावसभावाच्या गच्चीवरच्या सिमेंटच्या हौदात गेलं, आता साडेनऊ इंच आहे.