वीस सेंटिमीटरपासून दोन किलोमीटरपर्यंत

एका उंच बरणीत पाणी घ्या, त्यात स्ट्रॉ वीस सेंटिमीटर खोल बुडवा आणि फुंका. बुडबुडा बाहेर पडायला जेवढा जोर लागतो, साधारण तेवढ्याच दाबाने पाइप गॅस स्वयंपाकघरात येतो. शेगडीला तो पुरतो. तोच गॅस गाडीच्या सीएनजी टाकीत मात्र 200 बार दाबाने भरलेला असतो; एक बार म्हणजे साधारण आपल्याभोवतीच्या हवेएवढा दाब. समुद्रात दोन किलोमीटर खाली गेलं तर अंगावर येईल तेवढा हा दाब. घरच्या घरी गाडीत गॅस भरायचं यंत्र म्हणजे या दोन दाबांमधला जिना. गॅस घरात आलेलाच असतो. नसतो तो दाब.

एवढा दाब हवाच कशाला? एक घनमीटर नैसर्गिक वायूत साधारण लिटरभर पेट्रोलएवढी ऊर्जा असते. न दाबता न्यायचा म्हटलं, तर लिटरभर पेट्रोलच्या बदल्यात मोठ्या कपाटाएवढी जागा गेली. महायुद्धांच्या काळात पेट्रोलची टंचाई असताना लोकांनी हेही करून पाहिलं. कोळशापासून काढलेल्या गॅसने भरलेली भलीमोठी पिशवी टपावर बांधून बसगाड्या धावत होत्या, आणि थोड्याच अंतरात ती पिशवी लुळी पडायची. एलपीजीचं काम सोपं असतं, कारण थोडं दाबलं की तो द्रव होतो. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन, आणि मिथेन हट्टी. उणे 82 अंशांपेक्षा तापमान जास्त असेल, तर कितीही दाबा, तो द्रव होतच नाही. त्यामुळे वायू म्हणूनच कोंबत राहायचं.

कोंबताना एक सुखद धक्का बसतो. 60 लिटरच्या सिलिंडरमध्ये 200 बारला किती मिथेन मावेल, याचं उत्तर ‘दाब जितका पट, जागा तितकी कमी’ या शाळेतल्या सूत्राने आठ किलो येतं. प्रत्यक्षात मावतो दहा किलोच्या आसपास. इतके जवळ आले की रेणू एकमेकांना ओढू लागतात आणि सूत्राने धरली त्याहून कमी जागेत बसतात. तरी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोलच्या टाकीशी तुलना केली, तर ऊर्जा जेमतेम पावपट.

सायकलच्या पंपाने हवा भरली की पंपाची नळी हाताला चटका देते, हे सर्वांना माहीत आहे. दाबलेला वायू तापतो. एकाच दट्ट्याने एका झटक्यात 1 बारवरून 200 बार गाठायचे ठरवले, तर गॅस 500 अंशांच्या आसपास जाईल. सील आणि झडपा जळून जातील. म्हणून दाब टप्प्याटप्प्याने वाढवतात. चार टप्पे धरले तर 1 चे पावणेचार, त्याचे 14, मग 53 आणि शेवटी 200. दर टप्प्याला गॅस साधारण 135 अंशांपर्यंत तापतो, आणि पुढच्या दट्ट्याकडे जाण्याआधी त्याला थंड करतात. पहिल्या टप्प्यात जो गॅस मोठ्या सिलिंडरभर असतो, तो शेवटच्या टप्प्याला पोचेपर्यंत पन्नासाव्या हिश्शाएवढा आक्रसतो. त्यामुळे शेवटचा दट्ट्या पहिल्याच्या मानाने अगदीच चिमुकला असतो.

गॅस पंपावर जे काम काही मिनिटांत होतं, त्याला घरी रात्र लागते. लोक याला यंत्राची उणीव समजतात. मला ती त्याची सगळ्यात चांगली बाजू वाटते. दहा किलो म्हणजे सुमारे 14 घनमीटर गॅस. तो पाच मिनिटांत खेचायचा तर ताशी 170 घनमीटर प्रवाह हवा. घरचं मीटर ताशी दोन-चार घनमीटरचं. पंपावर हे जमतं, कारण तिथे उच्च दाबाच्या नळकांड्यांत गॅस आधीच साठवलेला असतो. घरच्या यंत्राला असा साठा लागत नाही, म्हणून घरात उच्च दाबाची वेगळी टाकीही नसते. ताशी किलोभर भरायचा वेग धरला, तर पाच-सहा बर्नर एकदम पेटवल्यासारखं ते होतं. वीज साधारण किलोमागे एक युनिटच्या आत. किलोभर गॅसमध्ये मात्र जवळपास 14 युनिट ऊर्जा असते.

शिवाय सावकाश भरलेली टाकी खरोखर भरते. घाईत भरली की टाकीतला गॅस तापतो, काटा 200 दाखवतो, आणि तासाभराने गाडी थंड झाली की तोच काटा खाली आलेला असतो. रात्रभर भरताना ही उष्णता टाकीच्या भिंतीतून निघून जाते.

या कल्पनेचं सर्वांत गाजलेलं यंत्र ‘फिल’. टोरांटोच्या फ्युएलमेकर कंपनीने ते 2005 च्या सुमारास, होंडाच्या सिव्हिक जीएक्स या सीएनजी मोटारीच्या जोडीने बाजारात आणलं. गॅरेजच्या भिंतीला अडकवायची पेटी. 2009 मध्ये कंपनीच बुडाली आणि तंत्र दुसऱ्या कंपनीकडे गेलं.

बसवताना खरी काळजी घ्यायची ती गॅस आत येतो त्या बाजूची. कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबणारं हे यंत्र, पाइपातून गॅस शोषतही असतं. पाइप अरुंद असेल, तर कॉम्प्रेसर चालू होताच शेगडीची ज्योत बसलेली दिसेल. त्याहून वाईट म्हणजे आतल्या नळीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली गेला, तर एखाद्या ढिल्या सांध्यातून हवा आत ओढली जाईल. मग यंत्र गॅस नव्हे, गॅस आणि हवेचं मिश्रण दाबू लागेल. येणारा दाब ठरावीक पातळीखाली गेला की यंत्र आपोआप बंद व्हायलाच हवं. या स्विचला वळसा घालणारा फिटर दारातूनच परत पाठवावा. मीटरपासून स्वतंत्र पाइप, विजेची स्वतंत्र लाइन, चोख अर्थिंग, आणि हे सगळं परवानाधारक माणसाकडूनच.

जागा उघडी हवी. मिथेन हवेच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, गळला की वर जातो आणि छताच्या कोपऱ्यात साठतो. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्के झालं की ठिणगी पुरते. म्हणून गळती ओळखणारा सेन्सर छताजवळ लावतात; एलपीजीचा जमिनीजवळ लावतात त्याच्या बरोबर उलट. गॅस भरायची लवचिक नळी गाडीला लावलेली आहे हे विसरून कुणी गाडी पुढे घेतली, तर ती नळी ठरलेल्या जागी सुटून दोन्ही टोकं बंद होणारी जोडणीही हवी.

पाण्याचा अंश हा छुपा शत्रू. पाइपातल्या गॅसमध्ये थोडी वाफ असते. दाबल्यावर ती पाणी होऊन टाकी गंजवते. शिवाय उच्च दाबाखाली मिथेन आणि पाणी मिळून शून्य अंशाच्या वरही बर्फासारखे खडे बनतात आणि बारीक नळ्या तुंबवतात. त्यासाठी आत ओलावा शोषणारे दाणे भरलेला ड्रायर असतो. तो वेळेवर बदलावा लागतो.

यंत्र घेताना मी आधी विचारेन, दुरुस्तीला पाठवण्याआधी ते किती तास चालतं. अशा लहान कॉम्प्रेसरचं आयुष्य वर्षांत नव्हे, तासांत मोजतात. रोज दोन किलो गॅस लागणारी गाडी ताशी किलोच्या यंत्राला वर्षाला सुमारे 730 तास पळवते. रोज दहा किलो जाळणारी टॅक्सी 3650 तास. टॅक्सीवाल्याने पंपावरची रांगच धरावी.