काटेसावर, दर पंधरा दिवसांनी

काटेसावरीच्या फांद्या खोडाच्या चहूबाजूंनी साधारण एकाच उंचीवरून निघतात, हे मला तिसऱ्या चित्राच्या वेळी कळलं. नोव्हेंबरातल्या पहिल्या दोन चित्रांत पानांचा नुसता गठ्ठा होता. मग पानगळ झाली आणि झाडाचे मजले दिसू लागले: फांद्यांचं एक कडं, वर मोकळं खोड, पुन्हा कडं. खोडाचा शेंडा सलग वाढत नाही. तो जोमाने वाढतो, थांबतो, पुन्हा वाढतो, आणि त्याच तालात फांद्यांची कडी तयार होतात. उष्ण प्रदेशातल्या झाडांच्या अशा बांधणीचे ठरावीक नमुने वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रान्सिस हाले आणि रुलॉफ ओल्डेमन यांनी १९७० मध्ये मांडले. सावरीच्या आडव्या फांद्यांचे मजले आता मला लांबूनही ओळखू येतात.

जाडी मात्र सारखी चुकायची. लिओनार्दो दा विंचीने वहीत लिहून ठेवलंय की कुठल्याही उंचीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या, तर त्यांची जाडी खालच्या खोडाइतकी भरते. प्रत्येक झाड हे तंतोतंत पाळत नाही, पण हात ताळ्यावर आणायला हा नियम फार उपयोगी. भौतिकशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ एलॉय यांनी २०११ मध्ये त्याचं कारण वाऱ्यात शोधलं: जाडी अशी वाटली गेली, तर वादळात मोडण्याचा धोका झाडभर सारखा विभागला जातो.

बसायची जागा एकच ठेवावी, वेळही. ऊन सरकलं की सावल्या बदलतात आणि जुन्या चित्राशी ताळमेळ लागत नाही. प्रत्येक पानावर तारीख हवीच.

फेब्रुवारीत लाल फुलं आली. गळून पडलेलं एक उचललं: पाच जाड, मांसल पाकळ्या, मध्ये पुंकेसरांचा झुबका, खाली पेल्यासारखा टणक निदलपुंज. मकरंदासाठी मैना, बुलबुल, खारी सगळ्यांची झुंबड. खोडावरचा शंकूसारखा काटा बाजूने दाबला, तर टचकन निघाला. तो सालीतून उगवलेला असतो, आतल्या लाकडाशी जोडलेला नसतो. आधीच्या चित्रांत मी काटे खोडात खिळे ठोकल्यासारखे काढले होते. ते सगळे खोडून पुन्हा काढले.

पुढे बोंडं उकलली, कापूस उडाला, कोवळी पानं फुटली आणि मजले झाकले गेले. आता पानं काढण्याआधी मी हलक्या रेषेने फांद्यांची कडी काढून घेतो.